वीतभर धसकट

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे ज्वारी उफणणं. दुपार कलली होती. घरामागच्या परसात गोणपाट अंथरलेलं, कणसं मी सकाळीच काठीनं बडवून ठेवलेली. इंदू सूप घेऊन बसली, डावा पाय पुढे लांब सोडून, कारण अंगठ्याला फडकं बांधलेलं होतं. वारा पडला होता. म्हणून ती सूप उंच धरून दाणे खाली सोडायची आणि मी पुठ्ठ्यानं वारा घालायचो. अर्धं भूस तिच्या केसांत गेलं, अर्धं माझ्या डोळ्यांत.

"अजी, भूस उडवा, मले नका उडवू," ती म्हणाली.

"तुले उडवाले वादळ लागते," मी म्हणालो.

ती हसली. चारेक किलो ज्वारी निघाली असेल. तिनं मूठभर दाणे हातावर घेऊन फुंकर मारली, एक दाणा दाताखाली धरून फोडला आणि म्हणाली, वाळली. बस, एवढंच. यात सांगण्यासारखं काही नाही. बायको म्हणून ती घरात आली तेव्हापासून असं कितीदा केलं असेल. पण त्यानंतर आम्ही मिळून काहीच केलं नाही. पुढचं जे झालं ते तिला झालं आणि मी बघत राहिलो.

अकराव्या दिवशी ती गेली. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय, मग ती. दवाखान्यातल्या लोकांनी साखर म्हटलं, रक्तात जहर पसरलं म्हटलं. खरंच असेल. ते शिकलेले आहेत, मी चौथी पास. मला विचाराल तर ती धसकटानं गेली. ज्वारी कापल्यावर जमिनीत जो खुंट उरतो, तो. वीतभर होता. मी ठेवला होता.

उफणल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय केलं, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. पोरीलाही नाही. पोरीला तर मुळीच नाही. त्या सकाळबद्दल तिला जे माहीत आहे ते मी सांगितलेलं खोटं आहे, आणि त्या खोट्यावर तिला रात्रीची झोप लागते. दोन वर्षं मी ते गिळून बसलो. आता गिळवत नाही.

यंदा मी काही पेरलं नाही. तरी कार्तिक लागला आणि परसात ज्वारी उभी आहे. बडवताना, उफणताना जे दाणे सांडले ते मातीत राहिले. मागच्या वर्षी थोडे उगवले, ते मी बघितलं नाही, कोणाच्या शेळीनं खाल्ले असतील. यंदा पावसात पुन्हा उगवले. ओळ नाही, पाळी नाही, कुठं दाट, कुठं एकटंच झाड. धांडे माझ्या डोक्याच्या वर गेले. कणसं भरली. माणूस गेल्यावर त्याचं काही उगवू नये असा काही नियम नाही, पण मला ते बघवत नाही. सकाळी दार उघडलं की समोर तेच. म्हणून मी पुढच्या दारानं जातो, पुढच्या दारानं येतो.

आमचं घर रायपूरला, गुढियारीत, रेल्वेच्या भिंतीला लागून. दोन खोल्या आणि मागं दहा पावलांची पट्टी. मालगाडी गेली की भिंत हलते आणि ज्वारीची पानं सळसळतात. वारा नसला तरी. इंदू म्हणायची, गावच्या वावरात वारा येते, तुमच्या या वावरात गाडी येते. रेल्वेत मी खलाशी होतो. वॅगनची दुरुस्ती, ग्रीस, हातोडा. तीस वर्षं हातातलं काळं गेलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर सिलतऱ्याकडून काळं येऊ लागलं. तिकडच्या लोखंडाच्या कारखान्यांची धूळ. गच्चीवर धुतलेलं धोतर टाकलं तर संध्याकाळी झटकावं लागतं. पहिल्या वर्षी ज्वारीची कणसं काळी दिसली तेव्हा आम्ही दोघं घाबरलो. आम्हाला वाटलं काणी पडली. काणी म्हणजे ज्वारीचा रोग, दाण्याच्या जागी नुसती काळी भुकटी भरते. इंदूनं एक कणीस वाकवलं, जोरात फुंकर मारली. काळं उडून गेलं आणि आत दाणा पांढरा, मोत्यासारखा. "काणी नाई वो," ती म्हणाली, "कारखाना हाये." ही गोष्ट ती सगळ्यांना सांगायची. सांगताना फुंकर मारून दाखवायची.

आमचं गाव वऱ्हाडात. काळी जमीन, पावसात पाय रुतला की चप्पल आत राहायची. माझ्या लहानपणी दसऱ्यानंतर सगळं शिवार ज्वारीचं असायचं. त्या उंचीत माणूस हरवायचा. आवाज यायचा, माणूस दिसायचा नाही. पाखरं राखायला माळ्यावर बसायचं, गोफण फिरवायची, आणि हाऱ्या-हुऱ्या करून घसा बसला की संध्याकाळी आई गुळाचं पाणी द्यायची. थंडी पडली की हुरडा. जमिनीत खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवायच्या, कोवळी कणसं निखाऱ्यात खुपसायची आणि गरम गरम तळहातावर चोळायची. चटके बसायचे, पण हात मागं घेतला तर बाप हसायचा. त्या दाण्याची चव मला सांगता येत नाही. दूध म्हणावं तर दूध नाही, गोड म्हणावं तर गोड नाही. रायपूरच्या माणसाला मी ती कधी समजावू शकलो नाही.

बापाची एक रीत होती. ज्वारी सोंगायला, म्हणजे कापायला, जितकी माणसं असतील त्या सगळ्यांनी विळा जमिनीला टेकवून कापायचं. वर कापलं तर खुंट उरतो, आणि ज्वारीचा खुंट तिरपा कापला गेला की भाल्यासारखा होतो. काम झालं की बाप म्हणायचा, चला, आपापल्या कापलेल्या पाळीतून चालून दाखवा. अनवाणी. ज्यानं धसकट ठेवलं त्याच्याच पायात जायचं. मोठी माणसं, बाया, सगळे मान खाली घालून हळूहळू चालायचे आणि बाप बांधावर उभा. मला त्याचा राग यायचा. एका वर्षी माझ्या टाचेत गेलं तेव्हा मी त्याला शिवी दिली होती, मनातल्या मनात. त्यानं हळद-तेल गरम करून चटका दिला आणि म्हणाला, तुह्याच पायात गेलं, बरं झालं, दुसऱ्याच्या जाते तं तोंड दाखवाले जागा नसती.

लग्न झालं त्या वर्षी मला इकडे नोकरी लागली. जनरल डब्यातून आलो. इंदू अख्खा प्रवास ज्वारीच्या कट्ट्यावर, म्हणजे पोत्यावर, बसून आली. बसायला जागा होती तरी. कट्टा कोणी नेईल म्हणून. उतरल्यावर तिनं चारी बाजूला बघितलं. सगळीकडे धान. खाचरांत पाणी, पाण्यात बाया. तिनं मला विचारलं, इकडचे लोक भाकर कशाची खातात. मी म्हणालो, खातच नाहीत. तिनं कट्ट्याची गाठ चाचपून बघितली. दोन महिन्यांत कट्टा संपला. मग भात. तक्रार करणारी ती बाई नव्हती, पण एकदा ताट घासता घासता म्हणाली, पोट तं भरते हो, पण जेवल्यासारखं नाई वाटत. मग मी गावाहून येणाऱ्या प्रत्येक माणसाला ज्वारी आणायला लावली. अमरावतीकडून, अकोल्याकडून जो येईल त्याच्या डोक्यावर.

तिच्या भाकरीचा आवाज सगळ्या पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, ओळखू यायचा. थप थप थप, मग जरा थांबणं, मग तव्यावर टाकल्याचा मऊ आवाज. शेजारच्या साहूदीदी, आमच्याच वयाच्या, पहिल्यांदा त्या आवाजानंच आल्या. दारात उभ्या राहून विचारलं, "का करत हस दीदी?" इंदूला तेव्हा त्यांची बोली येत नव्हती. तिनं नुसती गरम भाकर त्यांच्या हातावर ठेवली, वर लसणाची चटणी. तेव्हापासून दोघींचं जमलं. साहूदीदींनी भाकर शिकायचा लय प्रयत्न केला. त्यांची भाकर तव्यापर्यंत जाता जाता तुटायची, आणि इंदू प्रत्येक तुकड्याकडे बघून म्हणायची, हा नागपूर जिल्हा, हा भंडारा. साहूदीदी रागावून भात शिजवायला निघून जायच्या.

निवृत्त झालो तेव्हा गावी पुतण्याला म्हटलं, चार कट्टे ज्वारी ठेव माझ्यासाठी. तो म्हणाला, "काका, जवारी कोण लावते आता? डुक्कर ठेवत नाई, पाखरं ठेवत नाई, सोंगाले माणूस भेटत नाई. तुमी दुकानातून घेऊन खा." सगळं शिवार सोयाबीनचं झालेलं. गुडघ्याएवढं पीक, माणूस त्यात हरवत नाही, बसला तरी दिसतो. इंदूच्या माहेरी आड्याला चार कणसं टांगलेली होती, धुरानं पिवळी पडलेली. तिच्या भावानं पूजेला ठेवली होती. ती चार कणसं तिनं पदरात बांधून आणली आणि आम्ही परसात पेरली. तुळशीच्या लग्नाला पाच धांड्यांचा मांडव करता येईल एवढीच तिची इच्छा होती. इकडं सगळे ऊस उभा करतात. ती म्हणायची, माह्या तुळशीचं लग्न उसात नाई लागणार, तिचं माहेर जवारीचं हाये. चार वर्षं आम्ही तसा मांडव केला. साहूदीदी ऊस आणून द्यायच्या आणि आम्ही तो खाऊन टाकायचो.

आता ज्वारीचं पीठ सदर बाजारच्या दुकानात पिशवीत मिळतं. पिशवीवर बारीक बाईचं चित्र. इंदूला साखर निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, चावल बंद करो, ज्वार खाओ. बाहेर आल्यावर इंदू पायरीवर बसून हसत सुटली. "सारा जलम तेच खाल्लं," म्हणाली, "तेनंच साखर झाली अन् तेच औषध." मी हसलो नाही. मला ते पटलं. मला वाटलं, आपण ज्वारीची माणसं, आपल्याला काय होतं. भाकर खाल्ली त्या दिवशी गोळी नाही घेतली तरी चालते असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं. कोणी सांगितलं नव्हतं. आमचं आम्हीच. हेही माझ्याच नावावर लिहा.

शेवटच्या वर्षी तुळशीचं लग्न झालं आणि मी ज्वारी कापली. कंबर वाकत नव्हती. उभ्या उभ्या, जमेल तशी, तिरपी कापत गेलो. वीत वीत खुंट राहिले. पायात रेल्वेचे जुने बूट होते, मला काय टोचणार. इंदू दारातून म्हणाली, धसकटं काढून घ्या. मी म्हणालो, माती कडक आहे, पाणी टाकतो, दोन दिवसांनी निघतील. दोन दिवसांचे आठ झाले, आठाचे पंधरा. रोज मी त्या पट्टीकडे बघायचो आणि रोज म्हणायचो, उद्या.

ती त्या पट्टीत चप्पल घालून कधी गेली नाही. ज्या मातीत दाणा उभा राहतो तिच्यावर चप्पल घालून जायचं नसतं, हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं. गावातल्या खळ्यावरही तेच, पायातलं बाहेर काढूनच आत जायचं. कापून झालं होतं, पीक उभं नव्हतं, तरी ती अनवाणीच गेली. पडलेली दोन कणसं उचलायला. माझ्या डोळ्यांसमोर गेली. वाकली, उचलली, वळली, आणि थांबली. धसकट अंगठ्याच्या खाली घुसलं होतं. तिनं खाली बसून स्वतःच ओढून काढलं, सुई काढावी तसं. रक्त थोडंसंच आलं.

"दुखते का?" मी विचारलं.

"नाई वो. काईच नाई."

मी हळद-तेल गरम केलं, बापानं केलं होतं तसं, आणि कापसाचा बोळा लावून चटका दिला. माझ्या वेळी मी गाव डोक्यावर घेतलं होतं. तिनं पायही मागं घेतला नाही. मी म्हणालो, तू तं लय मजबूत हाये. तिलाही बरं वाटलं. पाच दिवस रोज विचारलं, दुखते का. रोज म्हणायची, नाही. आम्ही दोघं खुश. दुखत नाही म्हणजे भरत आलं. आमच्या गावात कोणालाही विचारा, जखमेचा हाच हिशेब. ठणकते तोवर भ्यायचं, ठणका गेला की कामाला लागायचं. तिचा पाय साखरेनं मेलेला होता, त्याला काही कळतच नव्हतं, हे आम्हाला कोण सांगणार. ती एकदा जरी ओरडली असती तरी मी तिला खांद्यावर घेऊन पळालो असतो.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्यानं फडकं सोडलं, तोंड फिरवलं, मग पुन्हा बघितलं. विचारलं, दर्द नहीं था? मी म्हणालो, बिलकुल नहीं साहब. असं म्हणालो जसा काही तिचा पराक्रम सांगतोय. त्यानं पेन खाली ठेवलं.

"बाबा, यही तो बीमारी है," तो म्हणाला. "ये घंटे-घंटे में ऊपर चढ़ता है. काला कब देखा?"

मी म्हणालो, "अभी. देखते ही ले आया."

हे पहिल्यांदा मी त्याला सांगितलं. मग पोरगी नागपूरहून आली, तिला सांगितलं. वंदना नाव तिचं. आमचं मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच देते, शाळेपासून तशीच. तिनं ते सासरच्यांना सांगितलं, मामांना सांगितलं, तेराव्याला जे आले त्या सगळ्यांना सांगितलं. बाबा तो देखते ही ले गए थे. प्रत्येक जण माझ्या पाठीवर हात ठेवून गेला. मी मुंडण केलेल्या डोक्यानं बसून मान हलवत राहिलो. साहूदीदी मात्र काही बोलल्या नाहीत. त्यांचं दार आमच्या दारासमोर आहे. त्या सकाळी मी घरातून एकटा निघालो हे त्यांनी पाहिलेलं. आजतागायत त्यांनी विचारलं नाही. रोज एक डबा भात पाठवतात, आणि मी खातो. घरात आता भाकर होत नाही. तवा मी माळ्यावर टाकला. ज्या दिवशी भूक लागत नाही त्या दिवशीही खातो, कारण डबा रिकामा परत नाही गेला तर त्या आत येतील आणि माझ्या समोर बसतील.

मागच्या उन्हाळ्यात मी एक काम केलं. बूट काढले आणि त्या पट्टीतून अनवाणी चाललो. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत, मग पुन्हा. बापानं सांगितलं असतं तसं. ऊन होतं, माती भाजत होती. मला वाटलं काहीतरी जाईल पायात. काही गेलं नाही. पावसानं आणि वाळवीनं सगळी धसकटं कुजून गेली होती. पाय लागला की भुगा होत होता. मी तिथंच बसलो. भिंतीपलीकडून मालगाडी जात होती, लय लांब होती, संपेचना.

मागच्या आठवड्यात वंदना आली होती. मागचं दार उघडून उभी राहिली.

"बाबा, ये किसने बोया?"

"कोणी नाई."

तिनं एक कणीस धरलं, आईसारखी फुंकर मारली. काळी धूळ उडाली आणि ती रडायला लागली. मी म्हणालो, काढून टाकतो सगळं. ती म्हणाली, नको, राहू द्या. हे मात्र मराठीत म्हणाली. मग तोंड पुसून माझ्याजवळ येऊन बसली आणि माझा हात धरला. म्हणाली, "मैं रात को सोचती हूँ तो बस यही सोचती हूँ, बाबा. कि आप देखते ही ले गए थे. हमारी तरफ से एक घंटे की भी देर नहीं हुई. इतना तो चैन है."

मी हात काढून घेतला. तिला वाटलं मला रडू येतंय. ती चहा करायला गेली. चहा पिताना मी तिला सांगणार होतो. तोंड उघडलं आणि म्हणालो, साखर जास्त झाली. ती दुसऱ्या दिवशी गाडीनं गेली.

सांगितलं तर तिची झोप जाईल, हे मला कळतं. आईही गेली, आणि बापही असा निघाला. नाही सांगितलं तर ती जन्मभर माझा हात असा धरत राहील, आणि तो हात कसला आहे ते मला एकट्यालाच माहीत असेल. माफी मागायची नाही. माफ करायला जी होती ती आता नाही. फक्त माझ्या पोरीनं मला खोट्यासाठी चांगलं म्हणू नये. तोंडानं जमत नाही म्हणून लिहितो. ती वाचेल.

तर वंदना, ती सकाळ अशी.

तुझी आई उठली तेव्हा तिचं अंग तापलं होतं. खाटेवर बसूनच म्हणाली, अजी, पाय पाहा जरा, वास येऊन राहिला. मी फडकं सोडलं. अंगठा काळा पडला होता, आणि काळं पावलावर दोन बोटं चढलं होतं. वासही होता. तिला वाकून बघता येत नव्हतं. विचारलं, काय हाये. मी म्हणालो, काई नाई, माती लागली. आणि फडकं पुन्हा बांधलं.

मग तिनं ते विचारलं जे तिनं आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. तुझ्या बाळंतपणातही नाही.

"दवाखान्यात जायचं का?"

"जाऊ," मी म्हणालो. "दळण टाकून येतो, मंग जाऊ."

"हव," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

मी काहून गेलो? मी भ्यालो होतो. घरातून निघायला काहीतरी काम हवं होतं, आणि ज्वारीचा डबा दारात भरलेला होता. वाटेत मनाला म्हणालो, पीठ असलं तर दवाखान्यातून आल्यावर तिला खायला होईल. गेलो तर लगेच येता आलं असतं. पण चक्कीवर गव्हाची गर्दी होती. चक्कीवाला म्हणाला, कका, सबका गेहूं निकल जाने दो, फिर पत्थर साफ करके तुम्हारा डालूंगा. ज्वारीत गव्हाचं पीठ मिसळलं की तुझ्या आईला चालायचं नाही, भाकरीला चव राहत नाही म्हणायची. मी म्हणालो, साफ करूनच टाक. आणि बाकावर बसलो. गव्हाचे नऊ डबे माझ्या आधी गेले. मग त्यानं दगड उघडला, ब्रशनं झाडला, माझी मूठभर ज्वारी दळून ती फेकली, मग बाकीची टाकली.

एका बाईनं विचारलं, ये क्या है कका. मी सांगायला लागलो. आमचं शिवार कसं होतं, माळ्यावर कसे बसायचो, हुरडा कसा भाजतात. लोक ऐकत होते. मी हसत होतो, वंदना. तळहात चोळून दाखवत होतो. ती बाई पीठ हातात घेऊन म्हणाली, खुशबू अच्छी है. मी म्हणालो, घर आना कभी, मेरी घरवाली रोटी बना के खिलाएगी, उसके जैसी कोई नहीं बनाता.

उन्हं डोक्यावर आली होती. पीठ गरम होतं. गरम पीठ झाकलं की डब्यात घाम धरतं आणि खराब होतं, म्हणून मी झाकण बाजूला ठेवलं, बोटानं मधे खड्डा केला, आणि ते निवेपर्यंत तिथंच बसून राहिलो.